माशीला माशी

दाजी पेठेत, आमच्या माळ्यावर,
रात्री अकरानंतर नेट बरं चालतं.
खालचे माग थांबलेले असतात,
कानातली खटखट तेवढी तासभर उतरत नाही.
मी तक्ता उघडते : साल, देश, काय बंद, कसं बंद.
चौदा वर्षांच्या तीन हजार ओळी,
प्रत्येक ओळीत एक पान, जे कुणाला तरी दिसलं नाही.

आधी वाटायचं, जो तो देश
आपापल्या भीतीनं आपापलं दार लावतो.
मग तारखा शेजारी ठेवल्या.
एका वाळवंटी देशात आधी जुगाराची पानं गेली,
मग नागडी चित्रं (कुणी हरकत घेतली नाही),
मग एका संपाची बातमी,
मग ती बातमी गेल्याची बातमी.
अडीच वर्षांनी, दोन समुद्रांपलीकडे, हाच क्रम :
जुगार, चित्रं, संप.
तिथे तर तेव्हा संपही नव्हता.

नायना जेवून वर आले, तंबाखू मळत.
एकेचाळीस वर्षं त्यांनी जकार्डचे पत्ते कापले.
चादरीवर बसण्याआधी मोर पुठ्ठ्यावर भोकांचा असतो.
भोक असेल तिथे सुई आत जाते, दोरा उठतो.
नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते.
स्क्रीनकडे बघून म्हणाले, "तुझं पण हेच की.
कोणता दोरा उठू द्यायचा नाही, तेवढंच."

चोरी ओळखायची कशी, तेही त्यांनीच सांगितलं.
"मोर सगळेच काढतात. मोरावरून कळत नाही.
ब्याऐंशी साली मी मोराच्या डोळ्यात एक भोक चुकलो.
मालकानं दीड रुपया कापला.
पुढच्या दिवाळीला बाजारात परगावची चादर आली,
चूडु, तिच्या मोराचा तोच डोळा फुटका!
नक्कल करणारा मेहनत चोरतो,
चूक त्याला वर फुकट मिळते."
शाळेत वल्याळ मास्तर यालाच माशीला माशी म्हणायचे.

तेव्हापासून मी मोर बघायचं सोडलं.
फुटके डोळे शोधायला लागले.
सापडला एक.
कुठल्याशा यादीत एका वर्तमानपत्राचं नाव
एका अक्षरानं चुकलं होतं.
वर्तमानपत्र राहिलं उघडं,
आणि बंद झालं जवळच्या नावाचं एक चपलांचं दुकान.
पुढच्या देशात तेच दुकान बंद.
त्याच्या पुढच्यातही.
चार देश, नऊ वर्षं,
आणि चपला विकणाऱ्याला अजून माहीत नाही
आपण असं काय लिहून बसलो.

गेल्या मंगळवारी कुठे काहीतरी झालं म्हणे.
नऊ चाळीसला शहराचं नेट गेलं.
आई तेवढ्यात बिड्यांचे दोन कट्टे जास्त वळून झाली.
गुरुवारी नेट आलं, लोक खूश,
लग्नांचे फोटो भराभर निघाले.
मी सवयीनं त्या दुकानाचं नाव टाकलं.
उघडलं नाही.
पुन्हा टाकलं.

इराबत्ती केबलवाल्याला फोन केला.
"वरून यादी येते ताई, आपण लावतो.
वाचत कोण बसतंय?"
मागे त्याच्या पोराचं कार्टून चालू होतं.

तक्त्यात नवी ओळ घातली. साल भरलं. काय बंद, भरलं.
देशाच्या रकान्यात कर्सर
बराच वेळ लुकलुकत राहिला, मग भरलं तेही.
नायना म्हणाले, "पहिला पत्ता कुणी कापला मग?"
मी म्हटलं, तुम्हीच सांगा,
पत्ते दोरीनं ओवून गोल फिरायला लागले
की पहिला कोणता?
ते हसले नाहीत.
खिशातून जुना पंच काढला, अजून बाळगतात,
स्क्रीनच्या काचेपाशी नेला, परत ठेवला.
"पुठ्ठा असता," म्हणाले, "तर एका भोकाचं काम होतं."